वंडर वुमनची विजार

डिसेंबरात माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. एका खोक्यात चौदा टोमॅटो, दुसऱ्यात अकरा वांगी, दोरीवर सहा शिवाजी महाराज, त्यांच्या खाली मावळ्यांची मुंडाशी, आणि कोपऱ्यात एक हत्तीची सोंड, जी गेल्या वर्षी एका बालवाडीतून दाताच्या खुणा घेऊन परत आली. नाशिकच्या रविवार कारंज्याहून आत शिरून दोन वळणं घेतली की आमचं दुकान. वडिलांच्या काळात पाटीवर ‘नाटकाचे व सोंगाचे कपडे’ असं होतं. मी ‘फॅन्सी ड्रेस’ केलं. गिऱ्हाईक तेच, शाळांची गॅदरिंगंही तीच.

अशा गर्दीत माझी भाची आली. ताईची मुलगी, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. पाठोपाठ तिचा एक मित्र, ज्याला आम्ही दुकानात सगळे चष्मेवाला म्हणतो. मुंबईच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्सच्या चाहत्यांच्या मेळाव्याला, दोघांना जायचं होतं, सोंग घेऊन. ही मंडळी सोंग म्हणत नाहीत, ‘कॉसप्ले’ म्हणतात. माझे वडील असते तर म्हणाले असते, नाव बदललं की भाडं वाढतं.

“मावशी, मला वंडर वुमन करायचीय. पॅन्टवाली.”

वंडर वुमन ही अमेरिकन कॉमिक्समधली अचाट ताकदीची नायिका. आमच्याकडे अशा दोन आहेत. आठ ते दहा वर्षांच्या मापाच्या, लाल सॅटिनचा वरचा भाग आणि चांदण्यांचा निळा घेर. पॅन्टवाली मी ऐकलीच नव्हती. तिने मोबाइलवर चित्र दाखवलं. गडद रंगाची अंगाबरोबर बसणारी विजार, लाल टॉप, त्यावर आखूड जाकीट. मी म्हटलं, लायक्रा लागेल, आसनात मियानी, म्हणजे जोडतुकडा, घालावी लागेल, जमेल.

तेवढ्यात चष्मेवाला स्टुलावर बसत म्हणाला, “काकू, ही वंडर वुमन नाहीच.”

आणि मग पुढचे दहा दिवस माझ्या कापायच्या टेबलाभोवती जो वाद चालला, तो लिहायला मी आज बसले आहे. गिऱ्हाइकांनीही त्यात भाग घेतला. एका बाई तर मुलाचा टोमॅटो न्यायला आल्या आणि पाऊण तास थांबल्या.

आमच्या ताईला चित्र बघून फार बरं वाटलं. “झाकलेलं आहे ना, मग झालं.” भाची तडकली. “आई, मी तुझ्यासाठी नाही करत पॅन्ट.” ताईला कळेना, आपण तिच्याच बाजूने बोललो तर ही चिडली का. मला थोडं कळलं. ताईचा होकार तिला नको होता, कारण त्या होकारात न बोललेली अर्धी गोष्ट अशी होती की दुसरं काही निवडलं असतंस तर मग बघितलं असतं.

चष्मेवाल्याचं म्हणणं वेगळं होतं. त्याला झाकण्याउघडण्याशी घेणंदेणं नाही, असं तो म्हणायचा. त्याचं दुखणं असं की १९४१ पासून ती एका रूपात लोकांच्या डोळ्यांत बसलेली आहे. लाल, निळा, सोनेरी. छातीवर गरुड, चांदण्या, मुकुट, कमरेला सोनेरी दोरी. २०१० मध्ये तिच्या ६०० व्या अंकात जिम ली नावाच्या चित्रकाराने तिला ही विजार आणि जाकीट चढवलं आणि चाहत्यांमध्ये रण माजलं. कुणी म्हणालं, अखेर तिला लढता येईल असं काहीतरी मिळालं. कुणी म्हणालं, ही तर मोटारसायकलवरून कॉलेजला निघालेली मुलगी. काहींना यात संस्कृतिरक्षकांचा हात दिसला, काहींना स्त्रीवाद्यांचा. दोन्ही टोकांच्या लोकांना एकाच विजारीत शत्रू दिसावा, ही त्या विजारीची मोठीच करामत म्हणायची.

आता मी कॉमिक्सची वाचक नाही. लहानपणी घरात वेताळ आणि मँड्रेकचे इंद्रजाल कॉमिक्स यायचे, तेवढंच. पण कपडा शिवायचा तर चित्र नीट बघावं लागतं, मागून, बाजूने. म्हणून मी भाचीला म्हटलं, हिची सगळी चित्रं दाखव, पहिल्यापासून. रात्री शटर अर्धं ओढून आम्ही बघत बसलो. मी, ती, चष्मेवाला आणि आमचे मास्तर. मास्तर वडिलांच्या वेळेपासून आहेत, वय सत्तरच्या पुढे, कात्री अजून एका दमात चालते.

बघितल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की ज्या रूपासाठी चष्मेवाला जीव टाकतोय ते रूप एकच नाही. १९४१ मध्ये तिला घेरदार स्कर्ट होता, गुडघ्याच्या आसपास येणारा. विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाने ती लिहिली आणि एच. जी. पीटरने काढली. तो घेर लवकरच तंग चड्डीसारखा झाला आणि पुढच्या वर्षांत आखडत आखडत वर गेला. चित्रं ओळीने लावली तर ड्रायक्लीनरकडे जाऊन आटलेला कपडा वाटतो. पायातले बूट गेले, बंदांच्या सपाता आल्या, पुन्हा बूट आले. १९८२ मध्ये छातीवरचा गरुड जाऊन तिथे डब्ल्यूची दोन अक्षरं आली. आणि १९६८ मध्ये तर कहरच. तिच्या शक्तीच काढून घेतल्या, पोशाख काढून घेतला, आणि तिला साध्या बाईच्या कपड्यांत, पुढे पांढऱ्या सुटांत, कराटे करायला लावलं. पोटापाण्यासाठी तिने काय केलं माहीत आहे? कपड्यांचं दुकान टाकलं! मी हे ऐकून कात्री खाली ठेवली. म्हटलं, ही बाई माझ्या जातीची निघाली.

गंमत अशी की ते बदल करणाऱ्यांना वाटत होतं आपण तिला आधुनिक करतोय. पण चिडल्या त्या अमेरिकेतल्या स्त्रीमुक्ती चळवळीतल्या बायकाच. ग्लोरिया स्टायनेम यांच्या ‘मिस’ मासिकाने १९७२ च्या जुलै अंकाच्या मुखपृष्ठावर वंडर वुमनला तिच्या जुन्या, उघड्या पायांच्या पोशाखात मोठीच्या मोठी रस्त्यावरून चालताना दाखवलं. १९७३ मध्ये तिला शक्ती आणि चांदण्या दोन्ही परत मिळाल्या. म्हणजे झाकलेली बाई दुबळी आणि उघडी बाई बलवान, असा तेव्हा हिशेब झाला. ताईला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, “अगं पण कपड्यांनी शक्ती गेली का?” बरोबर प्रश्न आहे. शक्ती लिहिणाऱ्याने काढली होती. पण चित्रात दोन्ही एकदम गेलं, म्हणून लोकांच्या मनात कपडा आणि ताकद एकाच गाठीत बांधले गेले. ती गाठ अजून सुटलेली नाही. २०१० च्या विजारीला लोक इतके का बिचकले, त्याचं एक कारण मला इथे सापडलं.

२०११ ची कथा आणखी मजेशीर आहे. तिचे अंक काढणाऱ्या डीसी कंपनीने सगळ्याच अंकांची नव्याने सुरुवात करायची ठरवली. आधी जी जाहिरातीची चित्रं आली त्यांत वंडर वुमनला विजार होती. अंक हातात आला तेव्हा विजार गायब. त्याच वर्षी टीव्ही मालिकेची तयारी चालली होती, तिच्या नटीचा पहिला फोटो आला तो चकचकीत निळ्या विजारीत. लोकांनी इतकी टर उडवली की नंतरच्या फोटोंमध्ये कापडाची चकाकी उतरलेली होती. मालिका मात्र कधी दाखवलीच नाही. मास्तर शांतपणे म्हणाले, “बेटा, गिऱ्हाईक तीनदा मन बदलतं तेव्हा दोष मापात नसतो.”

आता माझं मत. ते टेबलावरून आलेलं आहे, तेवढंच त्याचं मोल.

मी जुना पोशाख मोठ्या मापात कागदावर बेतून बघितला. खांद्याला काही नाही. म्हणजे सगळा भार छातीच्या वरच्या कडेवर आणि कमरेवर. असा कपडा टिकवायचा तर आत बोनच्या, म्हणजे ताठ ठेवणाऱ्या, पट्ट्या, वरच्या कडेला आतून सिलिकॉनची पट्टी, आणि कमरेला आतल्या आत एक घट्ट पट्टा लागतो, जो खरं काम करतो. एवढं करूनही बाईने दोन्ही हात डोक्यावर नेले की छाती वर सरकते आणि कापड आहे तिथेच राहतं. स्टेजवर नाचणाऱ्या मुलींना हे मी नेहमी सांगते: हात वर करायचे असतील तर पट्टा घ्या, पारदर्शक का होईना. आणि ही बाई दोन्ही हातांनी रणगाडे उचलते! चित्रात कापड घसरत नाही, कारण चित्रात कपडा नसतोच. अंगावर रंग भरलेला असतो. काढणाऱ्याने शरीर काढलं, त्यावर लाल-निळा रंग टाकला आणि शिलाईची चिंता देवावर सोडली. हा मुद्दा मी चष्मेवाल्यापुढे मांडला तेव्हा तो म्हणाला, “काकू, ती उडतेही.” असो.

पण म्हणून विजार आपोआप चांगली, असंही नाही. २०१० चं ते चित्र मी शिवण म्हणून बघितलं तर ठीक आहे, सोंग म्हणून बघितलं तर कच्चं आहे. सोंगाचा पहिला नियम वडिलांनी शिकवला होता: शेवटच्या रांगेतल्या माणसाला ओळखू आलं पाहिजे. त्या गडद विजारीत आणि जाकिटात ती कुणीही असू शकते. ती झाकली म्हणून नव्हे, पुसली म्हणून लोक चिडले. निदान चष्मेवाल्यासारखे. बाकीच्यांच्या मनात काय होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक, आणि काहींना पायच बघायचे होते, हे कबूल करायला हरकत नसावी.

हा फरक मला ‘कॅप्टन मार्व्हल’वर नीट दिसला. कॅरल डॅनव्हर्स, हवाई दलातली वैमानिक. १९७८ पासून तिचा पोशाख म्हणजे काळा पोहण्याचा सूट, मांडीपर्यंत बूट, कमरेला लाल कापडाचा पट्टा आणि छातीवर वीज. २०१२ मध्ये जेमी मॅकेल्व्ही या चित्रकाराने तिला गळ्यापासून पायापर्यंतचा निळा-लाल सूट दिला, वैमानिक घालतात त्या जातीचा. छातीवर तारा, आणि कमरेचा तो लाल पट्टा ठेवला. बस, तेवढ्याने ती ओळखू येते. भाचीचे वडील ओझरला विमानांच्या कारखान्यात आहेत, त्यांनी लांबूनच सांगितलं, “हां, ही पायलट आहे.” कपड्याने तिचं काम सांगितलं. तिथे झाकलं की उघडलं हा प्रश्नच मागे पडला. कुरकुर झाली तिथेही, पण तो सूट टिकला. पुढे सिनेमातही साधारण तोच आला.

आणि कमला खान. मास्तरांच्या नातीने मागच्या वर्षी तिचं सोंग घेतलं होतं, म्हणून मला ती माहीत. जर्सी सिटीतली पाकिस्तानी-अमेरिकन मुलगी, तिचं स्वतःचं कॉमिक २०१४ मध्ये आलं. तिला शक्ती मिळते तेव्हा ती आधी आपल्या आवडत्या कॅरलसारखीच होते, सोनेरी केस, तोच काळा सूट, तेच बूट. आणि काय होतं? तो सूट नको तिथे रुततो. हे वाचून मी इतकी हसले की दोऱ्याची रिळं सांडली. कुठल्या तरी लिहिणाऱ्याला अखेर कळलं की कपडा रुततो! कळणारच, लिहिणारी जी. विलो विल्सन बाई आहे. मग कमला बुर्किनी, म्हणजे अंगभर पोहण्याचा पोशाख, त्यावरून स्वतःचा वेश बनवते, अंगरख्यासारखा, लांब बाह्यांचा. नातीचा तो वेश मास्तरांनी स्वतः शिवला आणि बिल केलं नाही.

नाहीतर आजवर बेतणारे हात बहुतेक पुरुषांचेच. आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? आमच्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये पहिला चित्रपट काढला तेव्हा तारामतीचं काम साळुंके नावाच्या गृहस्थांनी केलं, बाई मिळेना म्हणून. माझ्या वडिलांनीही मेळ्यांच्या काळात स्त्रीपार्टी नटांना नऊवारी पुरवल्या. ते सांगायचे, पुरुषाला साडी नेसवली की पहिलं वाक्य एकच येतं: “यात चालायचं कसं?” कॉमिक्स काढणाऱ्या चित्रकारांना एकदा ट्रायलला बोलवायला हवं होतं, असं मला राहून राहून वाटतं. २०१२ मध्ये काही चाहत्यांनी जवळजवळ तेच केलं म्हणा. हॉकआय नावाच्या तिरंदाज पुरुषाला त्यांनी नायिकांच्या छापाच्या पोझमध्ये काढलं, कंबर अशी, मान तशी, पाठ आणि पोट एकाच वेळी दिसतील असं. मास्तरांनी ती चित्रं चष्मा वर करून पाहिली आणि म्हणाले, “याची कंबर आधी सरळ करा, मग माप घेतो.”

भाचीने एकदा मला पॉवर गर्ल दाखवली. छातीवर मधोमध गोल भोक, १९७६ पासून. नंतर ते भोक बुजवलं, लोक ओरडले, पुन्हा उघडलं. इतकी वर्षं त्या भोकाची कारणं कथांमधून देण्यात आली. माझ्याकडे असं भोक आलं असतं तर मी एकच कारण गृहीत धरलं असतं, उंदीर.

सुपरगर्लचा किस्सा मात्र मला सगळ्यात घरचा वाटला. ती उडते आणि तिला आखूड स्कर्ट. २००९ मध्ये जमाल इगल या चित्रकाराने ठरवलं की स्कर्टच्या खाली सायकलिंग शॉर्ट्स काढायच्या. एवढंच. त्यावर वाद! गॅदरिंगला शिवणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, फ्रॉकखाली शॉर्ट्स ही विनयाची गोष्ट नाही, व्यवस्थेची आहे. पोरगी गिरकी घेताना स्कर्ट धरत बसली तर स्टेप चुकते. शॉर्ट्स असल्या की ती विसरते. अंगावरचा कपडा घालणारीला विसरता आला, की माझी शिलाई पास.

संयुक्त राष्ट्रांनीही वंडर वुमनच्या कपड्यांत हात घालून पाहिला. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी, तिच्या पंचाहत्तरीला, तिला स्त्रिया आणि मुलींच्या सक्षमीकरणाची मानद दूत केलं. तिथल्याच कर्मचाऱ्यांनी विरोध केला, अर्जावर जवळजवळ ४५ हजार सह्या झाल्या, आणि डिसेंबरात ते पद संपलंही. चष्मेवाला म्हणतो अन्याय झाला, भाची म्हणते खरी बाई का नाही नेमली. मला दोघांचं पटतं, पण भाचीचं जास्त.

चष्मेवाल्याला मी आधी जरा हसण्यावारी नेत होते. कपडे बदलले तर एवढं काय? मग मला सप्तशृंगगड आठवला. तुलना देवीची आणि कॉमिक्सची नाही, माणसांच्या डोळ्यांची आहे, हे आधीच सांगते. आमची आई दर चैत्रात गडावर जायची. अठरा हातांची ती उभी मूर्ती, शेंदराने माखलेली, अकरा वार साडी लागते तिला. २०२२ मध्ये दर्शन काही आठवडे बंद ठेवून शेंदराचा जुना थर उतरवला गेला आणि खालची मूळ मूर्ती दिसली. आमची मावशी नवरात्रात जाऊन आली आणि घरी येऊन गप्प बसली. फार सुंदर आहे म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, “पण मी जिला एवढी वर्षं सांगत आले, ती ही आहे का, असं झालं क्षणभर.” पुढच्या खेपेला तिला काही वाटलं नाही. डोळ्यांना सवय व्हायला एक खेप लागली. रूप बदललं की प्रेम करणाऱ्याला आधी चुकल्यासारखं होतं, आणि तो राग नसतो. चष्मेवाल्याला मी त्या दिवशी चहा सांगितला.

आता एक गोष्ट जी मला सांगायची नव्हती.

आठ-नऊ वर्षांपूर्वी एका शाळेचं गॅदरिंग होतं, विषय ‘सुपरहिरो’. आठवीतल्या एका मुलीला वंडर वुमन केली होती. शाळेतून फोन आला, हात-पाय झाकून द्या. मी म्हटलं ठीक, त्यात काय, ‘स्किन कलर’ची जाळी लावते, दिसणारही नाही. बाजारात स्किन कलर म्हणून जे मिळतं ते एकच, प्लास्टिकच्या बाहुलीच्या गालासारखं गुलाबट. मी ते आणलं, बाह्या आणि पाय शिवले, वेळेच्या आत दिलं. मुलगी चांगली सावळी होती. मी तिला बघितलं होतं, माप मीच घेतलं होतं, आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही. तिला विचारायचं तर त्याहून नाही.

मी कार्यक्रमाला मागे उभी होते. ती स्टेजवर आली, दिवे पडले, आणि तिचा चेहरा एका रंगाचा, हातपाय दुसऱ्याच माणसाचे. मागून कुणी तरी पोरगं ओरडलं, “बँडेज!” हशा पिकला. ती पोरगी हलली नाही. दोरी फिरवली, दोन्ही मनगटं समोर धरली, सगळं पूर्ण केलं.

दुसऱ्या दिवशी तिची आई कपडे परत करायला आली. पिशवीत बघितलं तर जाळी कापलेली. फाडलेली नव्हती, शिवणीच्या कडेकडेने, टाके वाचवून, अगदी जपून कापलेली. आई म्हणाली, “तिनेच कापली. डिपॉझिटमधून घ्या.” मी नाही घेतलं. ती मुलगी आता पंचविशीकडे आली असेल. कधी कधी कॉलेज रोडला कुणी तशी दिसली की मी दुकानात जाण्याचं सोंग करते.

तेव्हापासून भद्रकालीतल्या रंगाऱ्याकडून जाळी चार छटांत रंगवून आणते आणि घालणाऱ्या पोरीचा हात शेजारी धरून बघते. आणि विचारते, हवी का? पुष्कळदा नको म्हणतात. काही हो म्हणतात, शाळेने न सांगताही. दोन्ही लिहून ठेवते वहीत.

म्हणून भाचीलाही शेवटी विचारलं, जे दहा दिवसांत आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं. तू पॅन्ट का निवडलीस? मला वाटलं काहीतरी मोठं ऐकायला मिळेल. ती म्हणाली, “मावशी, पंचवटी एक्सप्रेसने जायचंय. सकाळी नाशिकरोडला किती गार असतं. आणि पॅन्टला खिसा असतो. तिकीट आणि मोबाइल कुठे ठेवू, त्या दोरीला बांधू?”

खिसा! एवढा काथ्याकूट झाला आणि कारण काय तर खिसा.

मी दोन लावले, चेन घालून, कडेच्या शिवणीत लपवून. विजार लायक्राची, मियानीसकट. जाकीट मी सुचवलेल्या मरून रेक्झिनचं. ट्रायलला ती समोर उभी राहिली, छान दिसत होती. तेवढ्यात चहावाला पोऱ्या आला. मी त्याला म्हटलं, ओळख कोण आहे. त्याने वरखाली बघितलं. “ट्रॅफिक पोलीस?”

चष्मेवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण तो एक शब्द बोलला नाही, त्याचं मला कौतुक वाटलं. मग मास्तरांनी आतून मुकुट आणला, फोमचा, वर सोनेरी रेक्झिन. मनगटांना पट्टे. कमरेला सोनेरी दोरी. मी जाकिटाची पुढची बटणं उघडून टॉपवरचा गरुड मोकळा केला आणि विजारीच्या दोन्ही कडांना वरपासून खालपर्यंत पांढऱ्या चांदण्यांची पट्टी धावदोऱ्याने टाचून पाहिली. पोऱ्या किटली घेऊन निघाला होता, दारात वळला. “हां! ती दोरीवाली!”

चांदण्या पक्क्या केल्या. ताईने फोटो बघून काय म्हटलं ते विचारलं तर, तिने नुसतं विचारलं, खिशाला चेन मजबूत आहे ना, गाडीत फार गर्दी असते.

आता चष्मेवाल्याचं काम चालू आहे. त्याला सुपरमॅन व्हायचंय. निळा सूट कापून झाला आणि गाडी अडली लाल चड्डीवर. २०११ मध्ये कंपनीने सुपरमॅनची बाहेरची चड्डी काढली, २०१८ मध्ये ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या हजाराव्या अंकात परत दिली. मधली सात वर्षं चाहते भांडले, म्हणे. भाचीने विचारलं, त्या सात वर्षांत कुणी त्याला सभ्य झाला म्हणालं का रे? तो विचारात पडलाय. काल संध्याकाळी दोनदा फोन केला, एकदा हवी म्हणून, एकदा नको म्हणून.

मास्तरांनी लाल कापड कापून ठेवलंय. चड्डीचे पैसे वेगळे पडतील, हे मी त्याला सांगितलं आहे.